परत पाठवलेलं दूध

केशरबाईची तक्रार सुनेजवळ सांगून झाली होती, शेजारच्या रतनबाईजवळ झाली होती, गोठ्यातल्या म्हशीजवळसुद्धा झाली होती. ज्याच्याबद्दल ती तक्रार होती तो तेवढा राहिला होता, कारण तो माडीवरून खाली उतरायलाच तयार नव्हता.

"पोटचं पोर," ती भाकरी थापता थापता म्हणे, "आन् मायशी बोलायचं तर खिडकीतून बोलतंय. मान तेवढी भायेर काढतंय पारव्यासारखी. ह्याला लोक चेअरमन मनतेत."

विमल, तिची सून, मान खाली घालून पिठात पाणी घाली. नवऱ्याची बाजू घ्यावी तर सासू ऐकवणार, सासूची घ्यावी तर वरून नवरा ऐकणार. तिनं दोघांच्या मधली जागा धरली होती, म्हणजे चुलीपुढची.

गहिनीनाथ गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होता. माणूस वाईट नव्हता. दुधात पाणी घालणाऱ्याला तो पाटील असो की मेहुणा असो, मापासमोर उभं करायचा. पण यंदाच्या उन्हाळ्यात रोगाची दुसरी लाट गावात शिरली आणि त्याचं काहीतरी फिरलं. कापसावर मारायचा पाठीवरचा पंप त्यानं औषधाच्या पाण्यानं भरून ठेवला होता आणि दिसेल त्यावर तो फवारा मारी. फाटकाच्या कडीवर, भाजीच्या जुडीवर, रिकाम्या कॅनवर. एकदा विमलनं वर नेलेल्या ताटावरच मारला. तेव्हा केशरबाईनं खालून विचारलं, "बोंडअळी पडली का रं भाकरीवर?" खिडकी तेवढी लागली.

त्याचं दुःख तिला कळत नव्हतं असं नाही. राधाकिशन, संस्थेचा व्हाइस चेअरमन आणि गहिनीनाथचा शाळेपासूनचा जोडीदार, ताप आला म्हणून स्वतःच्या मोटारसायकलवर तालुक्याला गेला आणि माघारी आली ती नुसती मोटारसायकल. त्या दिवशी गहिनीनाथ माडीवर चढला तो चढलाच. सकाळी डेअरीपुरता उतरायचा, परत वर. हात इतके धुवायचा की तळव्यांची सालपटं निघाली होती. रात्री त्याच्या येरझाऱ्यांनी माडीच्या फळ्या वाजायच्या.

"झोप येत न्हाई त्यायला," विमल एकदा हळूच म्हणाली.

"एकट्यानं कोंडून घेऊन कुणाला आलीय झोप? सांग की त्याला, खाली ये मनाव. अंगण काय छोटं हाय का?"

रोगाची थट्टा केशरबाईनं कधीच केली नव्हती. सरकारी हुकूम यायच्या आधी तिनं पदर नाकावर बांधला. लस आली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांत पहिला दंड तिनं उघडा केला आणि पारावर कुजबुजणाऱ्यांना ऐकवलं, "तमाखू मळताना भ्या वाटत न्हाई, सुईला भेता. कशाची मिशी ठेवली मग?" सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या घालायच्या, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या, विमलला करायला लावायच्या. रतनबाई गावची आशाताई. ती बोटाला यंत्र लावायला आली की केशरबाई तिलाच धरायची. "तू जेवलीस का गं? गावाची बोटं बघत हिंडतीस, तुझं बोट कोण बघतं?" आणि तिला बसवून भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडायची नाही.

तेव्हा घरात बसायलाही तिची ना नव्हती. मुलानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको म्हटलं, तिनं टाकलं नाही. फसगत झाली ती तिथंच. घरात बसलेल्या माणसाला गाव जेवढं सांगेल तेवढंच कळतं.

कळलं ते कुत्र्यांमुळं. कुरडया वाळत घालायला ती माळवदावर चढली होती. तिथून ओढा दिसतो आणि ओढ्यापलीकडं हटकरवस्तीवरचं चतुराबाईचं घर. चतुराबाईच्या बांधाशी गावातली कुत्री गोळा झाली होती आणि खाली माना घालून चाटत होती. सुईत दोरा ओवायला केशरबाईला विमल लागायची, पण लांबचं तिला अजून घारीसारखं दिसे. काळ्या रानात पांढरा ओघळ होता. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला, त्याच जागी.

ती खाली आली. "विमल, चतुराच्या बांधाला कुत्री काय चाटतेत?"

विमलनं कुरडयांचं पातेलं उगाच इकडचं तिकडं केलं.

"मी तुला काई विचारलं."

"दूध आसंल, आत्याबाई."

"चतुराच्या घरचं दूध? कुत्र्याला?"

मग विमलनं सगळं सांगितलं. चतुराबाईचा नवरा तात्याबा या रोगात गेला, हे केशरबाईला माहीत होतं. मेंढ्या राखून म्हातारा झालेला आणि शेवटी दोन म्हशींवर आलेला माणूस. जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला आणि तिथल्या माणसांनीच तिकडं अग्नी दिला. एकुलता मुलगा बद्रीनाथ पुण्यात गाडी चालवायचा. तोही तापानं पडलेला. बातमी आली तेव्हा केशरबाई उठली होती, पण गहिनीनाथनं दार अडवलं. वस्ती बंद आहे, कुणालाच जाऊ देत नाहीत, म्हणाला. वस्तीवर भावकी आहे, कुणीतरी असेलच तिच्याजवळ, असं केशरबाईनं मनाला समजावलं होतं. तिला माहीत नव्हतं ते पुढचं. चतुराबाईची वेगळं राहायची मुदत संपली, रतनबाईनं ती निकोप आहे म्हणून सांगितलं, आणि ती नेहमीसारखी दुधाची कॅन घेऊन डेअरीवर आली. गहिनीनाथनं तिला लांबूनच परत लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

केशरबाई अंगणात जाऊन उभी राहिली. "गहिनीनाथ."

खिडकी उघडली. "काय माय?"

"चतुराचं दूध तू माघारी लावलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुत्र्यांनी सांगितलं. लावलंस का न्हाई?"

"आदी ऐकून घे, मंग बोल. जिल्ह्याच्या दूध संघाचा निरोप हाय. ज्या गावातून बाधित घराचं दूध येईल त्या गावाची गाडी बंद. एका घरापायी सगळ्या गावाचं दूध नासवू का मी?"

"तिची मुदत झाली. रतनबाईनं तपासलं तिला."

"संघ रतनबाईला वळखत न्हाई."

"दुधातून येतो का हा रोग?"

"मला न्हाई माहीत, माय. कुणालाच काई माहीत न्हाई. राधाकिशनला माहीत होतं का?" आणि खिडकी लागली.

केशरबाई अंगणातच खाली बसली. गाडी बंद होणं म्हणजे काय हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. शहाऐंशीच्या दुष्काळात विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या, पुरुषमाणसं खडी फोडायला गेलेली. तेव्हा चार बाया घरोघर हिंडल्या होत्या, दूध गोळा करा, गाडी आणू म्हणून. पुढं केशरबाई होती. संघ म्हणाला, कॅन भरून निघत असेल तरच गाडी नांदूरघाटच्या पुढं तुमच्या गावात येईल. कॅन भरत नव्हती. जनावरं कडब्याच्या काडीला महाग, दूध कुठलं येणार? शेवटी चतुरानं आपल्या पोराच्या वाटचं दूध आणून कॅनमध्ये ओतलं. "बद्र्या आंबलीवर जगंल," म्हणाली. "गाडी येऊ द्या." गाडी आली. त्या गाडीवर गाव उभं राहिलं, दूध संस्था झाली, आणि आता तिथं केशरबाईचा मुलगा चेअरमन होता.

म्हणूनच त्याचं म्हणणं तिला झटकून टाकता येईना. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या घरांना दुसरं काय होतं? ती दिवसभर गप्प राहिली. विमलला वाटलं, सासूला तापच आला. तिनं रतनबाईला हाक मारून बोटाला यंत्र लावून घेतलं. यंत्रानं सगळं ठीक दाखवलं.

"यंत्राला काय कळतंय," केशरबाई म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं स्वतः पिठलं टाकलं आणि भाकरी थापल्या. फडक्यात दोन गाठोडी बांधली.

"आत्याबाई, त्यांनी मना केलंय," विमल म्हणाली.

"त्यानं दुधाला मना करावं. माझ्या पिठल्याचा चेअरमन मी हाय. मास्क दे इकडं, ते जाड कापडाचं. आन् दार लाव, ऊन शिरतंय."

ओढा कोरडा ठाक होता. दगडांतून वाट काढत, काठी टेकत ती पलीकडं चढली. चतुराबाईच्या अंगणात दोन म्हशी लिंबाखाली बांधलेल्या, दावणीला पाणी होतं, शेण काढलेलं होतं. जनावरांचं सगळं जिथल्या तिथं होतं. माणसाचं नव्हतं. पडवीतल्या चुलीत राख विझून पांढरी झाली होती आणि त्या राखेत कोंबडी बसली होती.

चतुराबाई उंबऱ्यावर होती. गालाची हाडं वर आली होती. तिनं पदर नाकावर ओढला.

"तिथंच थांबा, पाटलीणबाई."

इतक्या वर्षांत तिनं पाटलीणबाई म्हटलं नव्हतं. चारचौघांत ती केशरकाकू म्हणायची आणि दोघीच असल्या की केशरे.

"थांबले. सहा हात हाय का बघ. कमी पडत आसंल तर अजून सरकते."

"कावून आलाव?"

"तुझी म्हैस वरडती. मला झोप लागंना."

"माझी म्हैस न्हाई वरडत."

"मंग तू वरड. कुणी वरडलं पायजे का न्हाई? नवरा गेला आन् गावात आवाज न्हाई."

चतुराबाई भिंतीकडं बघत राहिली. "कुणाम्होरं वरडू? भिताडाम्होरं?" मग ती बोलायला लागली, जसं काही कालचंच सांगत होती. "गाडी न्यायला आली तव्हा चालत गेला बघा सोता. दारात वळून मला मनला, भुऱ्या म्हशीचं दावं ढिलं झालंय, बदल. तेवढंच. मी दावं बदललं. मंग फोन आला." "मला धड रडता बी आलं न्हाई. एकटीला रडता येत न्हाई, केशरे. गळा धरायला कुणी लागतं."

नाव ऐकून केशरबाईचा जीव जरा भांड्यात पडला. पण नजर चुलीवरून हटत नव्हती. "कोंबडी कावून बसली चुलीत?"

"घास कुणी आणला न्हाई."

केशरबाईला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिनं काठी दोन्ही हातांनी धरली.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतलं, शेजारपाजारचं कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन येतं आणि घरच्यांना बळंच चार घास खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात. तो पोटात गेल्यावर मग घरची चूल पेटवायची. वाडवडिलांपासूनचं चालत आलेलं. पण घास आणायला कुणी आलंच नाही तर काय करायचं, हे वाडवडिलांनी सांगून ठेवलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. मेलेल्याच्या दारात दुश्मनसुद्धा भाकरी घेऊन यायचा. चतुराबाईनं आधी भावकीची वाट बघितली, मग बद्रीनाथची, मग नुसतीच बघत बसली. चूल पेटवली नाही. गूळ-शेंगदाणे आणि न तापवलेलं दूध, यावर होती. उरलेलं दूध बांधाला ओतत होती.

"तव्हापासून चूल न्हाई? अगं येडे, मेली आसतीस की."

"मेले आसते तर बद्रीला तरी कुणी घास आणला आसता का?"

गावात घास नेण्यात पहिलं पाऊल तिच्याच घरचं असायचं. ती पुढं आली, एक गाठोडं अंगणाच्या मध्यावर ठेवलं, मागं सरकली आणि दुसरं स्वतःच्या मांडीवर सोडलं.

"घे. मी बी खाती. तू तिकडं, मी हिकडं. मी हाटणार न्हाई तवर."

लिंबाच्या सावलीच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी बसली. मास्क खाली ओढून केशरबाईनं पहिला घास घेतला. चतुराबाईनं भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि हातातच धरून ठेवली. केशरबाई बघत राहिली. घास तोंडात गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला चतुराबाईच्या गळ्यातून जो आवाज निघाला त्यानं म्हशींनी कान टवकारले. केशरबाईच्याही तोंडात घास तसाच राहिला. गळा धरता येत नव्हता, मग दोघींनी आपापले गुडघे धरले आणि अंगणाच्या दोन टोकांना बसून मोठमोठ्यानं रडल्या. तात्याबाच्या नावानं, त्याच्या मेंढ्यांच्या नावानं, ढिल्या दाव्याच्या नावानं. वस्तीवरच्या दोन-तीन बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्याही रडू लागल्या, तिथूनच.

बऱ्याच वेळानं चतुराबाईनं तोंड धुतलं.

"म्हशी इकून टाकते. बद्रीचा ताप उतरला की जाते पुण्याला. ह्या गावानं माझ्या धन्याला मेलेलं बी धरलं न्हाई आन् मला जितं बी."

"जायचं तर खुशाल जा. पण दूध माघारी नेऊन जाऊ नगंस. उद्या सकाळी कॅन घेऊन ये. माझ्या मागं उभी राहा."

"आन् गाडी बंद झाली मंजी? मला नगं गावाचा तळतळाट."

"गाडीवाल्याला मी सोता इचारणार. निरोप संघाचा आसंल तर त्यानं माझ्या तोंडावर द्यावा. गाडी खरंच बंद होत आसंल तर तुझं दूध मी माघारी आणीन, तुझ्या दारापसवर. माझं बी आणीन. पण न ऐकलेल्या निरोपावर मी माणूस टाकत नसते." ती काठीवर भार देऊन उठली. "आता ती कोंबडी उठव. मी ओढ्यातून वळून बघणार हाय, धूर दिसला पायजे."

ओढ्याच्या काठाशी ती खरंच थांबली आणि वळली. ऊन मी म्हणत होतं. पडवीतून धूर निघेपर्यंत ती उन्हातच उभी राहिली.

सकाळी डेअरीपुढं चुन्याचे गोल आखलेले होते आणि प्रत्येक गोलात एक माणूस आणि एक कॅन उभी होती. टेबलामागं गहिनीनाथ, दोन मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, हातात माप. केशरबाई आपली कॅन घेऊन रांगेच्या शेवटी एका गोलात उभी राहिली आणि तिच्या मागच्या गोलात चतुराबाई येऊन उभी राहिली, तशी रांग हलली. पुढचे दोघं गोल सोडून बाजूला झाले.

"माय, घरी जा," गहिनीनाथ म्हणाला.

"मायला घरी जा मनावं, माय जाईल. मी दूध घालायला आले, सभासद हाय. सभासदाला घरी जा मनायचा कायदा चेअरमनला कव्हापासून आला?"

भगवानराव नावाचा एक शेतकरी मिशीत पुटपुटत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "केशरकाकू, मैतरीण तुमची आन् दूध आमचं नासायचं. लई झालं हे."

"भगवानराव, दुष्काळात दोन सालामागं छावणीत तुझी बैलं कुणी राखली? तू चार दिवस लिंबागणेशला लग्नात नाचत होतास. तात्याबानं त्यायला पाणी पाजलं. तव्हा तुझं काय नासलं नव्हतं?"

"ते येगळं होतं."

"येगळं कसं? तव्हा बी जीव जात होते."

भगवानराव गोलातली माती पायानं उकरू लागला.

"तिचं दूध मी घेऊ शकत न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. त्याच्या पडद्यावर वाफ धरली होती. "गाडी बंद होईल. समद्यांना सांगितलंय मी."

"नगं घेऊस. गाडी येऊ दे. तवर माझं बी घेऊ नगंस, आमी दोघी हितंच हाव." ती टेबलापुढच्या गोलात जाऊन अडून उभी राहिली, चतुराबाई तिच्या मागच्या गोलात.

मागं अजून माणसं येत होती आणि काय झालं ते एकमेकांना विचारत होती. ऊन चढायला लागलं. थांबलेल्या दुधाला ऊन लागलं तर काय होतं हे त्या रांगेत सगळ्यांनाच माहीत होतं. शिव्या सुरू झाल्या, आधी हळू, मग ऐकू येतील अशा. चतुराबाई केशरबाईच्या मागून म्हणाली, "जाऊ दे गं. मी जाते."

"गप उभी राहा," केशरबाई मागं न बघता म्हणाली.

गाडी आली. उत्तरेश्वर नावाचा ड्रायव्हर खाली उतरला, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळे जागरणानं लाल. "काय जत्रा हाय? चला, उशीर झाला."

"तुला एक इचारायचंय, दादा," केशरबाई म्हणाली. "बाधित घराचं दूध आलं तर गावाची गाडी बंद, आसा संघाचा निरोप हाय का?"

"कुठला निरोप?"

"ह्योच."

उत्तरेश्वरनं रांगेकडं बघितलं, मग टेबलाकडं. "काकू, तसं केलं आसतं तर आमाला मोकळी गाडी फिरवाया लागली आसती. न पडलेलं घर कुठं राहिलंय? माझ्या सोताच्या घरी दोघं पडून होते. संघ मनतो तोंड बांधा, हात धुवा, लांब उभं राहा. दूध तिकडं गेल्यावर तापवतेतच की. कुणी सांगितलं हे तुमाला?"

सगळ्यांचे डोळे टेबलाकडं वळले.

गहिनीनाथनं तोंडावरचा पडदा काढला. "निरोप न्हवता," तो म्हणाला. "मला भ्या वाटलं. तिला यायचं न्हाई मनून सांगावं तर लोक भांडतील वाटलं. संघाचं नाव घेतलं की कुणी भांडत न्हाई."

भगवानरावानं आपली कॅन एक गोल मागं ओढली.

"आणा, चतुराकाकू," गहिनीनाथ म्हणाला. "या म्होरं."

चतुराबाई पुढं आली. दूध ओतताना माप धरलेले त्याचे हात तिला जवळून दिसले, सालपटं निघालेले, भेगांतून लाल. "काय केलंस रं हातांचं?" ती म्हणाली. "लोणी लाव जरा." माप भरून वर फेस आला. तिनं रिकामी कॅन उचलली आणि आपल्या गोलात परत जाऊन उभी राहिली, जायची घाई नसल्यासारखी.

केशरबाईनं आपलं दूध घातलं. घातल्यावर ती बाजूला झाली नाही. रांग थांबून राहिली, ड्रायव्हरही थांबला.

"ऐक गहिनीनाथ, समद्यांम्होरं सांगते, मागून सांगायची मला सवय न्हाई. तू भ्यालास ते मला कळतं. राधाकिशन गेला तव्हापासून तुझ्या डोळ्याला डोळा न्हाई, ते बी मला कळतं. आज रातच्याला तुझी बाज अंगणात पडंल, माझ्या बाजेपासून सहा हातावर. भ्या वाटलं की मला हाक मारायची, किती बी वाजू दे. आन् सांजच्याला रतनबाई येईल तव्हा झोप येत न्हाई ते तिला तुझ्या तोंडानं सांगायचं, ती मनंल त्या डागदराकडं जायचं. हे झालं माय मनून. आता सभासद मनून सांगते. तुझ्या भ्याला तू संघाचं नाव लावलंस, आन् एका बाईची चूल थंड ठेवलीस. निवडणूक कव्हा बी होऊ दे. माझं मत तुला न्हाई."